आठ आण्यांची पिशवी

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात पंचगंगा आमच्या घरी आली. शुक्रवार पेठेतल्या आम्हां लोकांना तिचे येणे अगदीच नवे नाही. अधूनमधून ती गल्लीच्या तोंडापर्यंत येते, एखाद्या वर्षी उंबऱ्याला पाय लावते आणि आल्या वाटेने परत जाते. जुन्या बायका खणानारळाने तिची ओटी भरतात. त्या वर्षी मात्र ती माजघर ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरली आणि कित्येक दिवस हलायचे नाव घेईना. आम्ही सगळे शिवाजी पेठेत मेहुण्याच्या माडीवर बसून होतो.

पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला आलो. पलंगाखाली आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पत्र्याची ट्रंक होती. ती वेळेवर वर उचलायची राहून गेली होती. कुलूप फोडून झाकण उघडले, तर आत नुसता लगदा. आईची लग्नातली शाल, जुनी पंचांगे, आमची शाळेची प्रगतिपुस्तके, सगळ्यांचा मिळून एक काळा गोळा झालेला. घराचे खरेदीखत याच ट्रंकेत आहे हे मला ठाऊक होते, आणि मुलाने माझ्याकडे पाहिले तेव्हा मी मान फिरवली. शेवटी तळाशी हात घातला तर एक पुडके लागले. पिवळट पडलेला प्लास्टिकचा जाड कागद, चार पदरी घडी, आणि कडा मेणबत्तीच्या आचेवर धरून चिकटवलेल्या. कात्रीने कापले. आत खरेदीखत आणि आबांच्या दुकानाची १९६२ सालची रोजमेळाची वही. दोन्ही ठणठणीत कोरडी.

त्याच संध्याकाळी पाय मोकळे करायला शिवाजी पुलावर गेलो. काठावरची झाडे पुराने आडवी-तिडवी केली होती, आणि त्यांच्या फांद्याफांद्यांना पिशव्या लटकत होत्या. पांढऱ्या, निळ्या, काळ्या. दुरून वाटावे, झाडांवर बगळे उतरले आहेत. ज्या द्रव्याने सकाळी माझ्या घराचा कागद वाचवला, तेच द्रव्य संध्याकाळी माझ्या नदीच्या गळ्यात अडकलेले पाहिले. रसायनशास्त्रात त्याला पॉलिएथिलीन म्हणतात, व्यवहारात पॉलिथिन, आणि आमच्या घरात त्याचे नाव 'प्लास्टिकचा कागद'. त्याची हकीकत एकदा मुळापासून सांगावी असे तेव्हापासून मनात होते. दिवाळीच्या अंकात हा विषय वाचकांना जरा रुक्ष वाटेल. पण फराळाचे ताट पुढे ओढण्यापूर्वी स्वयंपाकघरावर एक नजर टाका. बेसन कशात आले? तेल कशात आले? चकल्या मऊ पडू नयेत म्हणून सूनबाईंनी डब्याच्या झाकणाखाली काय अंथरले आहे?

हे द्रव्य येण्यापूर्वी कोल्हापुरात माणसे ओलीशी कशी झुंजत, ते आधी सांगायला हवे, नाहीतर पुढचे सारे समजणार नाही. माझी आजी गगनबावड्याकडची. (कसबा बावडा निराळा, तो शहरालगतचा.) गगनबावडा म्हणजे घाटमाथा. तिथे जूनमध्ये पाऊस लागला की तो थांबायचे विसरतो. त्या पावसात भाताची रोपे लावायची, तीही दिवसभर कमरेत वाकून. डोक्यावर असे ते इरले. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी आणि मध्ये दडपून बसवलेली पाने. होडी उपडी करून पाठीवर घ्यावी तसे ते दिसे. वाऱ्याच्या झोतात ते आवरता आवरत नसे, आणि पाने दरसाल बदलावी लागत. पुरुषमाणसे घोंगड्याची खोळ घेत. घोंगडे ऊबदार खरे, पण पाणी प्यायले की त्याचे ओझे होई आणि वास घरभर दरवळे. आजीला आयुष्यभर खोकला होता. तो लावणीतच जडला, असे ती सांगे.

शहरातही निराळी गोष्ट नव्हती. आबांचे गंगावेशीजवळ किराणा मालाचे दुकान होते. साखर, मीठ, गूळ या तीन जिनसा म्हणजे पावसाळ्यातले तीन जावई. किती जपले तरी रुसायचेच! कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती मी सांगायला नको. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला घर मिळाले. पण गूळ हवेतले पाणी ओढून घेतो. ढेपेला कापड गुंडाळा, वर बारदान घाला, आषाढात तिला पाझर फुटायचाच. आबा रोज सकाळी बारदान चाचपून पाहत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून आम्हांला कळे की ढेप ओली आहे की सुकी. माल गिऱ्हाइकाला द्यायचा तो रद्दीच्या कागदाच्या पुडीत, वर सुती दोरा. तेलाला गिऱ्हाईक आपली बरणी घेऊन येई. दुधाचा तर प्रश्नच नव्हता. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या असत. पेला पुढे करावा, समोर धार काढून घ्यावी, आणि फेस ओठाला लागत असतानाच दूध पोटात जावे. पैलवान मंडळी तांब्या तांब्याने पीत. दुधाला पिशवी लागते हे कोणी सांगितले असते, तर सारा कट्टा हसला असता.

आता जरा दूर जाऊ. १९३३ साल कोल्हापूरकरांना एका दुःखद कारणाने आठवते. आपली प्रभात फिल्म कंपनी, जी १९२९ साली इथे जन्मली, ती त्या वर्षी पुण्यास गेली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात इंग्लंडातल्या चेशायर परगण्यात, विनिंग्टन नावाच्या गावी, इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन हे दोघे तरुण एका पोलादी नळकांड्याशी खेळत होते. खेळ मोठा धोक्याचा होता. वायूंवर प्रचंड दाब दिला तर काय होते, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी इथिलीन वायू आणि बेन्झाल्डिहाइड नावाचे द्रव्य एकत्र घातले, १७० अंश सेल्सियसची उष्णता दिली, आणि दाब दिला हवेच्या दाबाच्या सुमारे १९०० पट. सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी असतो त्याहूनही हा दाब कितीतरी अधिक. शनिवार-रविवारची सुट्टी गेली. सोमवार, २७ मार्च रोजी भांडे उघडले, तर अपेक्षित तसे काहीच घडले नव्हते. नळीच्या टोकाशी मात्र मेणासारखे पांढरे काहीतरी चिकटले होते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम.

खरे म्हणजे त्याच्या पस्तीस वर्षे आधी, १८९८ साली, हान्स फॉन पेखमान या जर्मन रसायनज्ञाच्या भांड्यातही निराळ्या वाटेने हेच पांढरे द्रव्य आले होते. पण त्याचा उपयोग काय, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. विनिंग्टनच्या मंडळींनाही प्रयोग पुन्हा साधेना. एकदोनदा स्फोट झाले आणि काम थांबवावे लागले. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि त्यांच्या सोबत्यांनी पुन्हा हात घातला. त्या दिवशी यंत्राला कुठेतरी गळती होती. दाब उतरला म्हणून त्यांनी आणखी इथिलीन आत सोडले, आणि या वेळी आठेक ग्रॅम पांढरी पूड हाती आली. मागाहून उलगडा झाला की नव्याने सोडलेल्या वायूत प्राणवायूचा किंचित अंश होता, आणि त्या अंशाशिवाय ही क्रिया सुरूच होत नाही. गळक्या भांड्याने जगाला न गळणारी पिशवी दिली, असे म्हणायला हरकत नाही.

हा इथिलीन वायू काही परका नव्हे. आंब्याची अढी घालून आपण गवत दडपतो, तेव्हा पिकू लागलेला आंबा जो वायू सोडतो आणि शेजारच्या आंब्यालाही पिकवतो, तो हाच. त्याच्या एका रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे चार. दोन्ही कार्बन एकमेकांचे दोन्ही हात धरून असतात, फुगडी घालणाऱ्या मुलींसारखे. दाब आणि उष्णता यांच्या जोरावर प्रत्येक जोडी एक हात सोडते आणि शेजारच्या जोडीचा हात धरते. फुगड्या मोडतात आणि हजारो मुलींची एकच लांबलचक साखळी तयार होते. त्या साखळीत पाण्याला आत घेण्याजोगे काही नसते. म्हणूनच या कागदावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो.

पहिला कारखाना सुरू झाला १ सप्टेंबर १९३९ रोजी. जर्मनीने पोलंडवर स्वारी केली तोच दिवस. मग पिशव्या कुठल्या आणि डबे कुठले! सारा माल युद्धाकडे गेला. रडारच्या तारांवर वेष्टन घालायला याच्याइतके हलके आणि विजेला न जुमानणारे दुसरे काही नव्हते. विमानात बसवता येईल एवढे सुटसुटीत रडार इंग्रजांना करता आले, त्यात या पांढऱ्या मेणाचा वाटा मोठा होता. युद्ध संपल्यावर हे द्रव्य घरात आले. १९४६ साली अमेरिकेत अर्ल टपर यांचे घट्ट झाकणाचे डबे बाजारात आले. १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांनी भारी दाबाशिवाय, निराळ्या उत्प्रेरकाच्या मदतीने, अधिक टणक पॉलिथिन तयार करून दाखवले. जुन्या आणि नव्या पॉलिथिनमधला फरक आमच्या भागातल्या माणसाला चटकन सांगता येतो. बाभळीच्या फांद्या गाडीत भरा. काटे आणि डहाळ्या आड येतात, मध्ये पोकळी राहते. तेच उसाची मोळी बांधा, कांड्याला कांडे लागून घट्ट बसते. जुन्या पॉलिथिनच्या साखळ्या बाभळीसारख्या फाटे फुटलेल्या, म्हणून ते मऊ. नव्याच्या साखळ्या उसासारख्या सरळ, म्हणून ते कडक. मऊ पिशवी हातात चुरगळली तर आवाज करत नाही, कडक जातीची पातळ पिशवी खळखळ वाजते. घरी करून पाहा.

उसाचे नाव मी उगाच घेतले नाही. भारतात पॉलिथिन प्रथम बनू लागले १९५९ साली, बंगालमध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे. ते बनले मळीपासून काढलेल्या अल्कोहोलपासून! उसाचा रस, त्यातून साखर, साखरेतून उरलेली मळी, मळी आंबवून अल्कोहोल, अल्कोहोलातले पाणी काढून टाकले की इथिलीन, आणि इथिलीनची साखळी म्हणजे पॉलिथिन. ज्या जिल्ह्याच्या हवेला हिवाळाभर मळीचा आणि काकवीचा वास असतो, त्या जिल्ह्याच्या माणसाला हे वाचून गुदगुल्या व्हाव्यात हे साहजिक आहे. पुढे पेट्रोलियममधला नॅफ्था स्वस्त पडू लागला. मुंबईजवळ ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात मोठाले कारखाने निघाले, कडक जातीचे पॉलिथिनही तिथे १९६८पासून होऊ लागले, आणि मळीचा मार्ग मागे पडला. ब्राझीलने मात्र २०१०पासून उसाच्या अल्कोहोलचे पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर करायला घेतले आहे.

तर आबांची वही. आबा हिशेब मोडीत लिहीत, पण नव्या वस्तूंची नावे बाळबोधीत. जून महिन्याच्या पानावर, खर्चाच्या बाजूला, एक ओळ आहे: 'प्लाष्टिक कागद ३ वार'. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि तो कागद आला तो दिवस मला लख्ख आठवतो. दुकानाच्या फळीवर आबांनी तो पसरला, तांब्याभर पाणी त्यावर ओतले आणि कागद उचलून खालची फळी सर्वांना दाखवली. कोरडी! समोरचा न्हावी आपले गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत सोडून पाहायला आला होता. त्या पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला बारदानाच्या आत हा कागद गुंडाळला गेला, आणि श्रावणापर्यंत आबांनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. उरलेला तुकडा आजीकडे गेला. तिने तो मधोमध दुमडून, एका बाजूला शिवण घालून, खोळ केली आणि माहेरी भावजयीला धाडली. भावजयीने निरोप पाठवला की अशी आणखी चार धाडा, इरले वजनानेच मारते. बुरुड गल्लीतल्या इरल्याच्या धंद्याला उतरती कळा लागली ती अशा निरोपांनी. बुरुडांचे काय झाले, हे आम्ही तेव्हा विचारले नाही.

एक पिशवीही होती. मुंबईच्या मामाने तिच्यातून आईला साडी आणली होती. जाड, दुधी रंगाची, मऊ. साडी आईची झाली आणि पिशवी आजीची. मी एकदा ती पतंगाच्या शेपटीला कापायला घेतली, तेव्हा आजीने माझा कान धरला. "आरं, मोडली न्हाई, फाटली न्हाई, आन् कापतोस? आण हिकडं, मी ठेवतो." (आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी ठेवतो' म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी हा छापखान्याचा दोष समजू नये.) ती पिशवी दर आठवड्याला रिठ्याच्या पाण्याने धुतली जाई, परसातल्या तारेवर चिमटा लावून वाळत पडे, आणि घडी होऊन देवळीत जाई. तिच्यात आजीने देवीचा अंगारा ठेवला, पेन्शनीचे पुस्तक ठेवले, एकदा कोल्हापूरहून पंढरपूरपर्यंत शेंगदाण्याची चटणी नेली. मी मॅट्रिक झालो तेव्हा तिच्यात माझे प्रमाणपत्र होते. भोक पडले तर आबा मेणबत्तीवर तुकडा तापवून ठिगळ लावत. हे द्रव्य शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास वितळते आणि निवले की पुन्हा घट्ट होते, याचे आम्हांला मिळालेले पहिले शिक्षण ते. आणि ऊन हा त्याचा शत्रू आहे, उन्हात ते ठिसूळ होऊन तुकडे पडतात, हे आजीला कोणी सांगितले ठाऊक नाही. पण पिशवी ती नेहमी सावलीतल्या तारेवर वाळत घाली. ट्रंकेतल्या अंधारात आबांचे पुडके सत्तावन्न वर्षे टिकले, त्याचेही रहस्य तेच.

१९६३ साल आले. त्या वर्षी त्सीग्लर आणि इटलीचे जूल्यो नात्ता यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षीच्या १६ मार्च रोजी कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची, म्हणजे आजच्या 'गोकुळ'ची, स्थापना झाली. या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे तेव्हा कोणीही म्हटले नसते. मुंबईत तेव्हा आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून मिळे. बाटली जड, फुटकी निघणारी, आणि धुण्यासाठी परत आणावी लागणारी. ती शेपन्नास मैल लांबच्या गिऱ्हाइकाला परवडते, दोनशे-अडीचशे मैलांवरच्याला नव्हे. पुढे पॉलिथिनच्या पातळ नळीत दूध भरून, वर-खाली तापवून शिवण घालणारी यंत्रे आली, आणि दुधाची पिशवी जन्माला आली. शिवण ओली असतानाही धरली पाहिजे, पिशवी पडली तरी फुटता कामा नये, थंडीत तडकता कामा नये, इतक्या अटी त्या पातळ कागदाने पाळल्या. कोल्हापूरच्या म्हशीचे दूध टँकरने मुंबईकडे जाऊन वाशीत पिशव्यांत भरले जाऊ लागले. राधानगरी-भुदरगडच्या वाडीवरच्या बाईने सकाळी संस्थेत घातलेले दूध मुंबईतल्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचते, आणि दर दहा दिवसांनी तिच्या हातात बिल पडते. या साखळीत म्हैस आहे, सहकार आहे, बर्फासारखी थंड टाकी आहे. पण पिशवी काढून टाका आणि बाकीची साखळी कशी उभी राहते ते सांगा. मला कट्ट्यावरच्या फेसाची आठवण येते हे खरे, पण त्या फेसावर जिल्हाभरच्या बायकांच्या हातात बिल पडले नसते.

मग बिघडले कुठे? मला वाटते, पिशवी पातळ झाली तिथे. स्वीडनमध्ये सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन गुस्ताफ थुलीन नावाचे अभियंता होते. बनियनसारखे दोन बंद असलेली, एकाच सपाट नळीपासून कापलेली पिशवी त्यांनी काढली आणि १९६५ साली अमेरिकेत तिचे पेटंट घेतले गेले. त्यांच्या मुलाने अलीकडे एका मुलाखतीत सांगितले की वडील अशी पिशवी घडी करून खिशात ठेवत आणि पुन्हा पुन्हा वापरत. लोक ती एकदा वापरून फेकतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. म्हणजे कोल्हापूरची माझी आजी आणि स्वीडनचे थुलीनसाहेब एका मताचे होते!

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात ही पिशवी होताना मी पाहिली आहे. दाणे वितळतात, गोल फटीतून वर चढतात, आतून हवा फुंकली जाते आणि छतापर्यंत एक लांबुडका फुगा उभा राहतो. वर तो रुळांत चेपला जातो. बस्स, झाली पिशवी. फुगा अधिक फुगवा, कागद अधिक पातळ होतो. त्याच एका किलो दाण्यांतून दुप्पट पिशव्या. कडक जातीचे पॉलिथिन हाताशी आल्यावर तर कागद इतका पातळ करता येऊ लागला की माणसाचा केस त्यापुढे दोरखंड वाटावा. केस साधारण ५० ते १०० मायक्रॉनचा, आणि भाजीवाल्याची खळखळणारी पिशवी कधीकधी वीस मायक्रॉनचीही नसे. तिची किंमत इतकी उतरली की ती विकणेच बंद झाले, ती फुकट मिळू लागली. कोथिंबिरीच्या जुडीला एक, दोन लिंबांना एक, आणि आमच्या गावचे वैशिष्ट्य म्हणून सांगतो, तांबड्या रश्श्याला एक आणि पांढऱ्याला एक, दोन्हींना रबर. उकळता रस्सा आणि तो कागद यांची गाठ घालणे आबांना कधीच पटले नसते. फुकटची वस्तू कोणी धुवत नाही, आणि फाटकी पातळ पिशवी भंगारवालाही उचलत नाही. त्याला किलोभर व्हायला दिवस जातो. मग ती गटारात जाते, गाईच्या पोटात जाते, उरली तर पंचगंगेत जाते. पाण्याहून हलकी असल्यामुळे तरंगते आणि पूर उतरला की झाडावर बसते.

सरकारने कायदे केले, आणि ते कायदे ओळीने मांडून पाहिले तर मौज वाटते. १९९९ साली केंद्राने सांगितले, पिशवी निदान २० मायक्रॉनची हवी. २००५च्या जुलैत मुंबई बुडाली, पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांकडे बोट दाखवले गेले, आणि २००६ साली महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची अट घातली. केंद्र २०११मध्ये ४०वर आले, २०१६मध्ये ५०वर, २०२१च्या सप्टेंबरअखेर ७५वर, आणि २०२२ सरताना १२०वर. मधल्या काळात, २३ मार्च २०१८ रोजी, महाराष्ट्राने हाताची पिशवी सरसकट बंदच केली. त्या जूनमध्ये दंड सुरू झाला तेव्हा महाद्वार रोडवर कापडी पिशव्यांचा बाजार भरला आणि रश्श्याला लोक स्टीलचे डबे घेऊन आले. मला फार बरे वाटले. पाऊस सरेपर्यंत निम्मे डबे घरी राहू लागले होते. पण माझे लक्ष आकड्यांकडे आहे. २०, ४०, ५०, ७५, १२०. कायदा पायरी पायरीने आजीच्या पिशवीकडे परत चालला आहे.

या द्रव्याच्या नावाने नुसती बोटे मोडणाऱ्यांनी एकदा पावसात गगनबावड्याला जावे. लावणीच्या खाचरांत पन्नास बायका वाकलेल्या असतात आणि पन्नासही पाठींवर प्लास्टिकच्या खोळी असतात. निळ्या, पिवळ्या, काही खताच्या पोत्याच्या आतल्या अस्तराच्या. इरले एखाददुसरेच दिसते, तेही फोटो काढणाऱ्यांसाठी. तिथून खाली उतरले की उसाच्या सऱ्यांमधून ठिबकच्या काळ्या नळ्या गेलेल्या. विहिरीवरच्या जाड काळ्या नळीला आमचे शेतकरी 'अल्काथिन' म्हणतात. ते त्याच विलायती कंपनीने आपल्या पॉलिथिनला दिलेले नाव, आता मराठीच होऊन गेले आहे. शेततळ्याला खाली अस्तर तेच. यांतली कुठलीही वस्तू झाडावर लटकत नाही, कारण ती पैसे मोजून घेतलेली असते आणि शेतकरी ती गुंडाळून घरी नेतो.

२०१८च्या त्या आदेशात दुधाच्या पिशवीला सूट होती. मात्र ती ५० मायक्रॉनहून जाड असावी, आणि रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत तिच्यावर छापलेली असावी, निदान ५० पैसे. आठ आणे! हे वाचून मी एक रिकामी पिशवी धुवून, पुसून आमच्या दूधवाल्याकडे नेली. त्याने ती उलटसुलट पाहिली. "काका," तो म्हणाला, "आठ आण्याचं नाणं बघून किती वर्सं झाली सांगा बरं? शंभर आणा, पन्नासची नोट देतो." तो चेष्टेने म्हणाला असेल, मी ते खरे धरले.

ते आता माझ्या नातीने हाती घेतले आहे. रोज दोन पिशव्या ती धुते आणि परसातल्या तारेवर लावते. सावलीतल्या, हे मी तिला सांगितले. चिमटे आजीचेच आहेत, लाकडी. तिची एक तक्रार आहे की तिची आई पिशवीचा कोपरा पुरता कापून टाकते आणि तो एवढासा तिकोनी तुकडा ओट्यावरून मोरीत जातो. "तो पण पिशवीचाच आहे ना, आजोबा?" तेव्हा आता आमच्या घरी चीर अशी देतात की कोपरा पिशवीलाच लटकून राहावा. हे लिहीत असताना तारेवर दोन आहेत आणि देवळीत शहाऐंशी. बारा कमी आहेत. दूधवाल्याला पन्नासची नोट तयार ठेवायला सांगितले आहे.